मेळघाटची आग कोणाच्या हाती?

वनविभागाच्या दफ्तरी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम असतो. त्याआधीच मेळघाटात जाळरेषा कापून जाळल्या जातात, गावोगावच्या तरुणांना अंगारी म्हणून कामावर घेतले जाते, पालापाचोळा उडवणारे ब्लोअर दुरुस्त करून ठेवले जातात. एवढे करूनही मार्च-एप्रिलच्या रात्री परतवाडा, अकोट किंवा धारणीच्या रस्त्याने जाणाऱ्याला डोंगराच्या अंगावर आगीची तांबडी रेघ दिसतेच. मग धावपळ होते, कर्मचारी आणि मजूर जीव धोक्यात घालून आग विझवतात, वर्तमानपत्रांत किती हेक्टर जळाले याची बातमी येते आणि पावसाळा लागला की विषय मागे पडतो. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

जंगल जळू नये म्हणून होणारी ही मेहनत योग्यच आहे आणि ती करणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण या चक्रात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. आग लागणारच असेल, तर ती कधी, कुठे आणि कोणाच्या हातून लागावी हे आपण ठरवायचे की नाही? आमचे मत असे की मेळघाटच्या काही निवडक भागांत, थंडीच्या दिवसांत, उद्देश ठरवून आणि मोजमाप ठेवून वनविभागाने स्वतःच आग लावण्याचा प्रयोग हाती घ्यावा. तो छोटा असावा, उघड असावा आणि त्यात कोरकू गावांना बरोबरीचे स्थान असावे. हे मत अनेकांना धक्कादायक वाटेल, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडणे आमचे कर्तव्य आहे.

नियोजित जाळणीचे एक शास्त्र आहे. कोणता तुकडा जाळायचा, कशासाठी जाळायचा, त्या दिवशी वारा किती आणि हवेत ओलावा किती असला पाहिजे, किती माणसे आणि किती पाणी हाताशी हवे, आग कोणत्या रेषेवर थांबली पाहिजे, हे सगळे आधी कागदावर लिहिलेले असते. अट पूर्ण होत नसेल तर त्या दिवशी काडी ओढायची नाही. जाळल्यानंतर तिथे काय उगवले, काय मेले, कोणते प्राणी चरायला आले याची नोंद वर्षानुवर्षे ठेवायची. असा आराखडा नसेल तर ती जाळणी वणव्यापेक्षा फारशी वेगळी राहत नाही.

मेळघाट हे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याची घोषणा झाली. आज गाभा आणि बफर मिळून त्याचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातले सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट अभयारण्य अमरावती जिल्ह्यात, नरनाळा अभयारण्य अकोल्यात आणि अंबाबरवा बुलडाण्यात. सिपना, गडगा, डोलार, खंडू आणि खापरा या नद्या याच डोंगरांतून निघून तापीला मिळतात. वैराटचा माथा ११७८ मीटर उंच आहे. हे पानझडीचे कोरडे जंगल आहे. साग त्यात सर्वांत जास्त, सोबतीला ऐन, धावडा, तिवसा, सालई, मोह, तेंदू आणि बांबू. पावसाळ्यात झाडांखाली माणसाच्या छातीएवढे गवत वाढते. दिवाळीनंतर ते पिवळे पडते, जानेवारीपासून सागाची मोठाली पाने गळू लागतात आणि फेब्रुवारीअखेर जमिनीवर गवत आणि पाचोळ्याचा जाड थर तयार होतो. त्या थराला एक विडीचे थोटूकही पुरते. मध्य भारतात वीज पडून वणवा लागणे अपवादानेच घडते. इथल्या जवळजवळ सगळ्या आगी माणसाच्या हातच्या आहेत.

माणसाची ही आग या डोंगरांत जुनी आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात सातपुड्यातल्या कोरकू आणि गोंडांच्या फिरत्या शेतीचे वर्णन आहे. झाडी तोडायची, वाळू द्यायची, पेटवायची आणि राखेत कोदो-कुटकी पेरायची. रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि इमारतींसाठी साग हवा असलेल्या इंग्रज सरकारला ही पद्धत नासाडी वाटली. १८६५ साली पहिला वन कायदा आला. त्याच दशकात सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, होशंगाबादकडच्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी वणवाबंदीचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाल्याचे ठरले. पुढे वणवाबंदी हा भारतीय वनशास्त्राचा पाया बनला. आपल्या जाळरेषा त्याच काळाचा वारसा आहेत.

त्या वनशास्त्राच्या आतूनच लवकर शंका उठली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १८९६ साली स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांबद्दल लिहिताना वणव्यापासून संरक्षण गरजेपेक्षा जास्त झाल्याचे म्हटले. आग बंद केलेल्या ओलसर जंगलात बांबू आणि सावलीत वाढणारी झाडी माजली आणि सागाची नवी रोपे उजेडाअभावी मागे पडली. बंगालच्या तराईत सालाच्या जंगलांत हाच अनुभव आला. मोठी झाडे सुरक्षित राहिली, पण त्यांच्या खाली नवा साल उभा राहीना. १९२०च्या दशकात शेबेअर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तिथे नियंत्रित जाळणी परत आणली. म्हणजे आगीला शत्रू मानण्याचे धोरण शंभर वर्षांपूर्वीच तपासले गेले होते आणि काही जंगलांपुरते बदललेही गेले होते.

अलीकडचा अनुभव दक्षिणेतला आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांत सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीला जमिनीवरचा पाचोळा हलक्या आगीने जाळत. संरक्षित क्षेत्र झाल्यावर ही प्रथा बंद पडली. त्यानंतर घाणेरी, जिला आपण वऱ्हाडात रायमुनिया म्हणतो, त्या टेकड्यांत झपाट्याने पसरली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळाचा जोर वाढला. बंगळूरच्या ‘अत्री’ संस्थेच्या अभ्यासकांनी सोलिगांच्या सांगण्याची जंगलातल्या मोजणीशी सांगड घातली, तेव्हा हलकी, लवकरची आग आणि रानाची तब्येत यांचा संबंध त्यांना गांभीर्याने घ्यावा लागला. केरळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहरसाठी डोंगरमाथ्यावरचे गवत मुथुवन आदिवासींच्या मदतीने तुकड्या-तुकड्यांनी, आळीपाळीने जाळले जाते. काझीरंग्यात हिवाळ्यात गवत जाळणे हा व्यवस्थापनाचा नेहमीचा भाग आहे. संरक्षित क्षेत्रात आग चालतच नाही ही समजूत आपल्याच देशात खरी नाही.

मेळघाटच्या सागवनाबाबत विचार करताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. एक, इथली झाडे आगीशी जुळवून घेतलेली आहेत. जून सागाची साल जाड असते. हलकी आग बुंध्यावरून निघून जाते आणि झाडाला फारसे काही होत नाही. सागाचे रोप जमिनीवर जळाले तरी जमिनीखालचे मूळ जिवंत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा कोंब येतो. असे रोप दर उन्हाळ्यात जळत आणि दर पावसाळ्यात फुटत राहते, पण प्रत्येक वर्षी त्याचे मूळ जाड होत जाते. मग दोन-तीन वर्षे आग चुकली की ते एकदम आगीच्या उंचीच्या वर निघते आणि झाड होते. दुसरी गोष्ट म्हणजे, तीच आग दरवर्षी आली तर हे रोप कधीच वर निघत नाही. जंगल वरून हिरवे दिसते, पण त्यात म्हातारी झाडे असतात आणि पोरसवदा झाडे नसतात. बांबूचे कोवळे कोंब, आवळा, चार आणि पातळ सालीच्या इतर झाडांचे नुकसान तर आणखी मोठे. म्हणून आग चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. किती वर्षांनी आली, कोणत्या महिन्यात आली आणि किती तापली, यावर तिचा गुण ठरतो.

महिन्याचा फरक जमिनीवर स्पष्ट दिसतो. एप्रिलमध्ये हवा कोरडी, वारा वाहता, पाचोळ्याचा थर पूर्ण आणि माती तापलेली असते. त्या वेळची आग झाडाच्या फांद्यांपर्यंत चढते, पोकळ खोडांत शिरते, उतारावर धावते आणि विझवणाऱ्याच्या हाती लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवताचा शेंडा वाळलेला असतो, पण बुडाशी ओल असते. सागाची पाने बहुतांशी झाडावरच असतात, रात्री दव पडते. तेव्हा लावलेली आग गुडघ्याएवढी उठते, सावकाश सरकते, मध्ये ओलसर जागा सोडत जाते आणि संध्याकाळनंतर बऱ्याचदा आपोआप विझते. जळलेल्या आणि न जळलेल्या तुकड्यांची नक्षी मागे राहते आणि एप्रिलचा वणवा आलाच, तर त्या जळक्या तुकड्यांत त्याला खायला काही मिळत नाही.

हे कौशल्य मेळघाटात नवे नाही. जाळरेषा जाळताना ते रोज दिसते. आधी रेषेच्या दोन्ही कडांचे गवत कापून आत ओढतात. काडी लावण्यापूर्वी मुठीत धरलेली धूळ हळू सोडून वारा पाहतात. मग वाऱ्याच्या दिशेच्या टोकाकडून पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, पाय ओढत मागे येते. दोन्ही कडांना हिरव्या डहाळ्या घेऊन माणसे उभी असतात आणि रेषेबाहेर ठिणगी पडली की झोडून विझवतात. शेवटी मागे फिरून धुमसणारी लाकडे उलथून त्यांवर माती लोटतात. वऱ्हाडातला शेतकरी धुरा पेटवताना शेजाऱ्याच्या वावरात उभी तूर असेल तर जसा वारा पडण्याची वाट पाहतो, तीच ही अक्कल. आज ती फक्त आग अडवण्यासाठी वापरली जाते. गवत आणि रान सुधारण्यासाठी ती कधी, किती वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

याची सर्वांत तातडीची गरज पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी आहे. २००१पासून कोहा, कुंड आणि बोरी या गावांपासून सुरू झालेले पुनर्वसन पुढे वैराट, चुर्णी, धारगड, बारूखेडा, अमोना, नागरतास, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशा अनेक गावांपर्यंत पोहोचले. लोक गेले, वावरे पडीक पडली आणि तिथे गवत आले. जिथे पूर्वी ज्वारी आणि सोयाबीन होते तिथे आज सांबर आणि रानगवा चरताना दिसतात. वाघाला लागणारे भक्ष्य या कुरणांवर पोसले जाते, म्हणून मेळघाटसारख्या डोंगराळ, कमी चितळांच्या जंगलात त्यांचे मोल मोठे आहे. पण सोडून दिलेले कुरण कुरणच राहील असा भरवसा नसतो. पहिल्या काही वर्षांत तरोटा, रानतुळस आणि रायमुनिया शिरतात. चरणारी जनावरे कमी पडली की उंच गवताचा जुना पेंढा जागेवर साचतो, त्याच्या सावलीत नवे फुटवे मरतात आणि जनावरे त्या जागेकडे पाठ फिरवतात. वनविभागाने या ठिकाणी तण उपटण्याचे, चांगल्या गवतांचे बी गोळा करून पेरण्याचे काम केले आहे आणि ते चांगले आहे. त्याला आळीपाळीच्या हलक्या जाळणीची जोड मिळाली तर पवन्या, शेडा, मारवेल यांसारख्या चाऱ्याच्या गवतांना उजेड आणि जागा मिळेल, अशी अपेक्षा धरायला आधार आहे.

इथेही सावधपणा हवा. दरवर्षी जाळलेल्या कुरणात कुसळी बळावते, हा जगभरच्या गवताळ प्रदेशांचा अनुभव आहे. कुसळीचे टोकदार बी जनावरांच्या कातडीत घुसते आणि पक्व झाल्यावर तिला चव राहत नाही. म्हणजे जाळणीचा अतिरेक चाऱ्याचाच घात करील. रायमुनियाबाबत तर आग एकटी उपयोगाची नाही. तिची खुंटे जमिनीत शाबूत असतील तर आगीनंतर ती आणखी जोमाने फुटते आणि दाट माजलेली रायमुनिया पेटली की ती आग साधी राहत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात हजारो एकर जंगल जळाले, तेव्हा वाळलेल्या रायमुनियाने आगीला मोठे इंधन पुरवले. म्हणून आधी मुळाच्या गड्ड्यासकट ती उपटायची, गवत बसू द्यायचे आणि त्यानंतर आगीचा विचार करायचा, हाच क्रम योग्य.

जंगलाच्या काही भागांत तर काडीही नेता कामा नये. त्यात पहिला मान रानपिंगळ्याचा. हा पक्षी १८८४ नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला दिसला नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाट हे त्याचे मोठे आश्रयस्थान असल्याचे कळले. झाडांच्या ढोलीत घरटे करणाऱ्या या पक्ष्याची वीण हिवाळा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते, नेमकी आगीच्या दिवसांत. त्याच्या परिसरात, नद्या-नाल्यांच्या काठच्या हिरव्या पट्ट्यांत, तीव्र उतारांवर आणि बांबू नव्याने उगवत असलेल्या जागी जाळणी नको. मोर, तित्तिर, लावा यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, साप, सरडे, कासवे यांना पळायला न जळलेला आसरा शेजारीच मिळाला पाहिजे. म्हणून एका वर्षात कुरणाचा छोटा भागच जाळायचा आणि उरलेला राखायचा.

माणसाच्या जिवाचा धोका तर सर्वांत आधी विचारात घ्यावा लागेल. एप्रिल २०२१मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन हंगामी मजुरांचा मृत्यू झाला. आपल्या जंगलांचे रक्षण रोजंदारीवरची, पायात साध्या चपला घातलेली माणसे करतात, ही वस्तुस्थिती त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिली. अमेरिकेत नियोजित जाळणीचे प्रशिक्षण, यंत्रसामग्री आणि हवामानाचे अंदाज आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे असूनही मे २०००मध्ये न्यू मेक्सिकोत एका संरक्षित क्षेत्रात लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस गावातली दोनशेहून अधिक घरे जळाली. २०२२ साली त्याच राज्यात जाळणीतून सुटलेल्या आगीने आणखी मोठा विध्वंस केला. या दुर्घटनांनंतर तिथल्या यंत्रणांनी जाळणी कायमची सोडली नाही, नियम कडक केले. आपण शिकायचे ते हे की घाईने, वरून आलेले उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी किंवा निधी मार्चअखेर संपवण्यासाठी कोणीही काडी ओढू नये.

आता जंगलातल्या लोकांकडे वळू. मेळघाटात आग कोण लावते, असे विचारले की बोट लगेच गावांकडे जाते. काही आगी गावांतून लागतात हे खरे आहे. तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जाळली जातात. मोहाची फुले वेचताना पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते आणि ती आग तिथेच थांबत नाही. गुरांना लवकर हिरवा चारा मिळावा म्हणूनही गवत पेटते. पण या प्रत्येक आगीमागे एक गरज आहे आणि त्या गरजेवर उपाय आहेत. झाडाखालची जागा झाडून घेणे, जाळी पसरून मोह गोळा करणे, तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी छाटणे. जिथे गावाला जंगलातून हक्काचे उत्पन्न मिळते, तिथे हे उपाय रुजतात.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने हे दाखवून दिले आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर या गावाने उजाड माळावर झाडे उभी केली, सीताफळ आणि तेंदूची विक्री ग्रामसभेच्या हाती घेतली, वणवा लागू नये म्हणून स्वतः राखण केली. २०१४ साली त्या कामाला भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूसाठी होणारी छाटणी आणि आग नको म्हणून तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले आणि बांबूवर भर दिला. सरकारी आदेशाने जे साधले नाही ते मालकीच्या भावनेने साधले.

याउलट कायद्यातली एक जुनी तरतूद गावांना जंगलापासून दूर लोटते. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६नुसार, कोणी जाणूनबुजून किंवा गंभीर हलगर्जीपणाने राखीव जंगलात आग लावली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या गावाला. अशा भीतीच्या वातावरणात आग दिसली तरी सांगायला कोणी पुढे येत नाही. कायद्याच्या कलम ७९नुसार आग विझवायला मदत करणे हे हक्कधारकांचे कर्तव्य आहे. पण कर्तव्य मनापासून व्हायचे असेल तर विश्वास लागतो. गावांच्या पुनर्वसनाबद्दल, जमिनीबद्दल आणि मोबदल्याबद्दल मेळघाटात जी कटुता साचली आहे, ती दूर केल्याशिवाय आगीचा प्रश्न सुटणार नाही.

नियोजित जाळणीला कायदा आडवा येतो असे म्हणणारे आहेत. तसे नाही. त्याच कलम २६मध्ये वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेली कृती मनाईबाहेर ठेवली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२चे कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग लावण्यास मनाई करते. कलम ३३ अभयारण्याच्या व्यवस्थापनाची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकावर टाकते. २००६च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८ व्हीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन आराखडा असतो. त्या आराखड्यात उद्देश, जागा आणि पद्धत नमूद करून मंजुरी घेतली तर जाळणी कायदेशीर व्यवस्थापनाचा भाग होते. केंद्र सरकारचा २०१८चा वणव्यांबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडाही स्थानिक लोकांच्या सहभागावर भर देतो.

मग करायचे काय? सुरुवात प्रयोगाने व्हावी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४पासून ठरावीक तुकडे वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या अंतराने जाळून नोंदी ठेवल्या जात आहेत. तिथल्या व्यवस्थापनाची धोरणे त्या नोंदींच्या आधारे बदलत गेली. मेळघाटच्या सिपना, गुगामल आणि अकोट या तिन्ही वन्यजीव विभागांत पुनर्वसित गावांची काही कुरणे निवडावीत. प्रत्येकात एक तुकडा न जाळलेला, एक फक्त तण काढलेला आणि एक तण काढून दोन-तीन वर्षांनी एकदा हिवाळ्यात जाळलेला ठेवावा. गवताच्या जाती, रोपे, चरणाऱ्या प्राण्यांच्या लेंड्या, पक्षी आणि मातीचा ओलावा यांची किमान पाच वर्षे मोजणी व्हावी. हे काम संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहभागाने सहज होऊ शकते. प्रयोगाचा निकाल जाळणीच्या विरोधात गेला तर ती थांबवावी. तो निर्णयही मोलाचाच ठरेल.

जाळणीच्या चमूत अंगारी म्हणून वर्षानुवर्षे काम केलेले कोरकू आणि गवळी असावेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६पासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या पथकांनी हंगामाच्या सुरुवातीला लहान आगी लावून उशिराचे मोठे वणवे कमी केले. त्या कामाचा मोबदलाही त्यांना मिळतो. आपल्या अंगाऱ्यांनाही वर्षभराचे काम, जाड बूट, सुती कपडे, विमा आणि प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कोणत्या कुरणात, कोणत्या दिवशी, किती जाळले आणि काय निष्पन्न झाले याचा नकाशा ग्रामसभेत आणि विभागाच्या संकेतस्थळावर जाहीर झाला पाहिजे. लपवलेली जाळणी लोकांच्या मनात संशयच पेरते.

एक अडचण कार्यालयांतली आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना देते आणि त्या सूचनांचा आकडा कमी आला की काम चांगले झाले, असा हिशेब रूढ झाला आहे. नियोजित जाळणीही उपग्रहाला आगच दिसते. आकडा वाढला म्हणून ज्या वनरक्षकाला जाब विचारला जाणार असेल, तो जानेवारीत दहा हेक्टर जाळून एप्रिलचे शंभर हेक्टर वाचवण्याची जोखीम घेणार नाही. म्हणून नियोजित आगींची वेगळी नोंद आणि वेगळे मूल्यमापन हवे. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारच्या जंगलात, किती तीव्रतेची आग लागली हे पाहूनच कामाची पारख व्हावी.

मेळघाटबाहेरही वऱ्हाडात हा विचार लागू पडतो. अकोल्याच्या काटेपूर्णा अभयारण्यात, वाशीमच्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात आणि अमरावती शहराला लागून असलेल्या पोहरा-मालखेडच्या रानात गवत हेच खरे वैभव आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोरासाठी काम करणाऱ्या फासेपारध्यांना गवताची जेवढी ओळख आहे तेवढी फार थोड्या जणांना असेल. माळाला झाडे लावून जंगल करण्याचा आग्रह आणि गवत दिसले की पेटवून देण्याची सवय, या दोन्हींपासून या जागा वाचवल्या पाहिजेत. कोणता माळ राखायचा आणि कोणता कधी जाळायचा याचा निर्णय फासेपारध्यांना विचारून व्हावा.

या प्रस्तावाचा गैरफायदा घेतला जाईल, अशी भीती रास्त आहे. वनविभागच जाळतो, मग आम्ही जाळले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एकच: परवानगीविना, उन्हाळ्यात, उद्देशाविना लावलेली आग आजही गुन्हा आहे आणि उद्याही राहील. नियोजित जाळणी ती आग माफ करत नाही. उलट, तिच्यामुळे उन्हाळ्यातल्या त्या आगीला पसरायला जागा कमी मिळते.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाने पुढच्या संवर्धन आराखड्यात या प्रयोगाला स्वतंत्र स्थान द्यावे, राज्य सरकारने अंगाऱ्यांच्या सुरक्षिततेची आणि मजुरीची तरतूद करावी आणि ग्रामसभांना त्यात सुरुवातीपासून सामील करून घ्यावे, अशी आमची मागणी आहे. वाचकांना एवढेच सांगणे की येत्या उन्हाळ्यात चिखलदऱ्याला किंवा नरनाळ्याला जाताना जंगलात चूल पेटवू नका, विडी-सिगारेट टाकू नका आणि धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.